रुग्णाच्या उशाशी उभे राहिलेले आचार्य

ज्या घरात कुणी मुलगा वा मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत आहे, त्या घराला ‘सकाळचा राउंड’ हे शब्द चांगले परिचयाचे असतात. चहा अर्धा टाकून मूल धावत सुटते, कारण सर वॉर्डात येण्याची वेळ झालेली असते. सर खाटेजवळ उभे राहतात, विद्यार्थी भोवती जमतात, एकजण रुग्णाची हकीगत सांगतो आणि मग प्रश्नांचा भडिमार सुरू होतो. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की, वैद्यक दुसऱ्या कोणत्या प्रकारे शिकवता येईल अशी कल्पनाही आज करवत नाही. परंतु सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील कित्येक तरुण निव्वळ व्याख्याने ऐकून, रुग्णाच्या अंगाला हातही न लावता, डॉक्टर होऊन बाहेर पडत. ही अवस्था पालटण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, ते डॉ. विल्यम ऑस्लर.

त्यांचा जन्म 12 जुलै 1849 रोजी कॅनडातील बाँड हेड या खेडेवजा वस्तीत झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि मुलानेही तोच मार्ग धरावा, असे ठरल्यासारखेच होते. मात्र शाळेतील एका शिक्षकाने त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक दिला. डबक्यातील पाण्याच्या थेंबात वावरणारे जीव पाहून हा मुलगा जो गुंगला, तो पुढे धर्मशास्त्र सोडून वैद्यकाकडेच वळला. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातून 1872 साली ते डॉक्टर झाले. नंतर युरोपात जाऊन अभ्यास केला आणि परतल्यावर वयाच्या पंचविशीतच ते मॅकगिलमध्ये शिकवू लागले.

तेथील एक गोष्ट मला विशेष वाटते. तरुण ऑस्लर यांनी देवीच्या रुग्णांचा वॉर्ड पत्करला. हे काम टाळण्याकडेच बहुतेकांचा कल असे. त्यांना स्वतःलाही देवीचा सौम्य आजार जडला. या कामाचे जे मानधन मिळाले त्यातून त्यांनी काय घ्यावे? विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक! त्याच वर्षांत त्यांनी शेकडो शवविच्छेदने स्वतः केली. जिवंतपणी केलेले निदान मृत्यूनंतर खरे ठरते की खोटे, हे ते न संकोचता तपासत. आपली चूक आपल्याच हातांनी उघडी करण्याची ही सवय त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत सोडली नाही.

1884 साली फिलाडेल्फियाहून बोलावणे आले. जावे की न जावे, हा निर्णय त्यांनी नाणे उडवून केला, असे ते स्वतः सांगत. पाच वर्षांनी बाल्टिमोर येथे नव्याने उभारलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते मुख्य वैद्य झाले. तेथेच 1893 साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याची हकीगतही मनोरंजक आहे. संस्थेजवळ पैसा नव्हता. मेरी गॅरेट आणि त्यांच्या सहकारी महिलांनी निधी उभा केला, परंतु दोन अटी घातल्या: मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे, आणि प्रवेशासाठी आधी पदवी असली पाहिजे. अटी कडक होत्या. ऑस्लर आपल्या सहकारी प्राध्यापकाला गमतीने म्हणाले की, आपण शिक्षक म्हणून आत आलो हे बरे झाले. विद्यार्थी म्हणून आपल्याला येथे कुणी घेतले नसते.

खाटेजवळ शिकवण्याची प्रथा युरोपात पूर्वीपासून होती. ती ऑस्लर यांनी शोधून काढली असे म्हणणे योग्य होणार नाही. त्यांनी केले ते असे, की विद्यार्थ्याला पाहुणा न ठेवता वॉर्डाच्या कामात भागीदार केले. प्रत्येकाच्या वाट्याला काही रुग्ण दिले. त्यांची हकीगत लिहिणे, रक्त-लघवी तपासणे, रोजचा फरक टिपणे आणि प्राध्यापक आले की त्यांच्यापुढे उभे राहून सारे सांगणे, हे विद्यार्थ्याचे काम. प्रश्नाचे उत्तर आले नाही तर ‘ग्रंथालयात पाहून उद्या सांगा’ असा शिरस्ता. पदवी घेतलेल्या तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहून काही वर्षे उमेदवारी करावी, ही व्यवस्थाही तेथे रुजली. आज आपण ज्यांना ‘रेसिडेंट’ म्हणतो, त्यांची परंपरा ती हीच. ऑस्लर यांच्या शेजारी राहणाऱ्या काही तरुणांजवळ तर त्यांच्या घराच्या दाराची किल्ली असे. वाटेल तेव्हा यावे, पुस्तके वाचावीत, जेवणाची वेळ असेल तर जेवावे.

याच सुमारास, 1892 साली, त्यांचा वैद्यकावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रेस ग्रॉस या विधवा स्त्रीशी त्यांचा विवाह व्हायचा होता, परंतु ग्रंथ हातावेगळा होईपर्यंत त्या लग्नाला तयार नव्हत्या. छापील प्रत येताच ऑस्लर यांनी ती त्यांच्या पुढ्यात टाकली आणि आता या माणसाचे काय करणार ते सांगा, असे विचारले! त्याच वर्षी मे महिन्यात लग्न झाले. या ग्रंथाने आणखी एक काम केले, ज्याची लेखकाला कल्पनाही नव्हती. औषधांविषयी ऑस्लर कमालीचे प्रामाणिक होते. ज्या रोगावर उपाय नाही तेथे ‘उपाय नाही’ असे ते सरळ लिहीत. 1897 साली उद्योगपती रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांनी तो ग्रंथ सुट्टीत वाचून काढला. इतक्या थोड्या रोगांवर खात्रीचा इलाज आहे हे पाहून ते अस्वस्थ झाले. त्यातून 1901 साली वैद्यकीय संशोधनाची रॉकफेलर संस्था उभी राहिली. अज्ञान लपवले असते तर ती उभी राहिली असती का?

त्यांचे सारेच काही नमुनेदार होते असे नाही. 1905 साली बाल्टिमोर सोडताना केलेल्या निरोपाच्या भाषणात, माणसाचे सर्जक काम चाळिशीच्या आत होते आणि साठीनंतर त्याने निवृत्त व्हावे, असे त्यांनी म्हटले. शिवाय एका जुन्या कादंबरीचा हवाला देऊन वृद्धांना क्लोरोफॉर्म देण्याचा विनोदही केला. स्वतः ते तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. वर्तमानपत्रांनी तो विनोद खरा मानून गहजब केला, आणि थकलेल्या माणसांची पत्रांवर पत्रे आली. हेतू वाईट नव्हता हे खरे. पण वृद्धांच्या वेदना रोज पाहणाऱ्या माणसाने हा विनोद करायला नको होता, असे मला वाटते.

त्यानंतर ते इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला मानाच्या प्राध्यापकपदावर गेले. 1911 साली ‘सर’ झाले. तेथील एका डॉक्टरांनी आपल्या लहान भावाची आठवण लिहून ठेवली आहे. मुलाला डांग्या खोकल्याने घेरले होते, अन्न पोटात जात नव्हते. विद्यापीठाच्या समारंभाला निघालेले ऑस्लर आपल्या लाल झग्यासह त्या खोलीत शिरले. मुलाला वाटले, हा कुणी जादूगारच! त्यांनी खाटेवर बसून एक पीच सोलले, त्याच्या फोडी करून साखर लावली आणि एकेक फोड भरवली. पुढे चाळीस दिवस ते येत राहिले. प्रत्येक वेळी दाराबाहेर झगा चढवून आत जात. मूल वाचले.

ऑस्लर यांच्या एका प्रसिद्ध व्याख्यानाचा विषय होता समता. हा शब्द आपल्या वाचकांना परका नाही. 1 मे 1889 रोजी फिलाडेल्फियाचा निरोप घेताना त्यांनी नव्या डॉक्टरांना सांगितले होते की, प्रसंग कोणताही असो, वैद्याचा चेहरा आणि मन ढळता कामा नये. मात्र त्यासाठी हृदय कठोर करू नये. तेव्हा ते अविवाहित होते, चाळिशीही गाठली नव्हती. त्या शब्दांची कसोटी लागायला अजून अठ्ठावीस वर्षे होती.

त्यांना पहिला मुलगा झाला तो आठवड्याभरातच गेला. दुसरा रेव्हीर. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता. 1917 च्या ऑगस्टच्या अखेरीस ईप्र येथे तो तोफगोळ्याने जखमी झाला. जवळच्याच छावणीत काम करणारे, बापाला गुरुस्थानी मानणारे अमेरिकन शल्यचिकित्सक डॉ. हार्वे कुशिंग रात्रीच धावून आले. शस्त्रक्रिया झाली, पण 30 ऑगस्टच्या पहाटे रेव्हीर गेला. वय एकवीस. घरी ऑस्लर दिवसा नेहमीसारखे वागत, पाहुण्यांशी हसून बोलत; रात्री मात्र त्यांचे हुंदके ऐकू येत, असे निकटच्या माणसांनी सांगितले आहे. याला समता ढळली म्हणावे का? मला तसे म्हणवत नाही.

त्यानंतर एका वर्षाने, 1918 च्या शरद ऋतूत, ऑक्सफर्डमधील एक लहान मुलगी मरणपंथाला लागली होती. ऑस्लर महिनाभर तिच्याकडे दिवसातून दोनदा जात. दारातून आत येताना ते वाकून, बुटक्या राक्षसासारखे आवाज काढत येत आणि परीराणी घरात आहे का, असे विचारत. एका दिवशी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागदात गुंडाळलेला लाल गुलाब काढला. बागेतला हा शेवटचा गुलाब मला म्हणाला, मलाही त्या मुलीकडे यायचे आहे, असे त्यांनी सांगितले. मुलगी वाचली नाही. तिच्या आईने हे लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते.

पुढच्या वर्षी त्यांना न्यूमोनियाने गाठले. या आजाराला त्यांनीच आपल्या ग्रंथात वृद्धांचा मित्र म्हटले होते. अंथरुणावरून ते स्वतःच्या आजाराकडेही वॉर्डातल्या रुग्णाकडे पाहावे तसे पाहत होते. दोन महिने मी या रुग्णावर लक्ष ठेवून आहे, पण याचे शवविच्छेदन पाहायला मी नसेन याचे वाईट वाटते, असे ते म्हणाले. 29 डिसेंबर 1919 रोजी ऑक्सफर्ड येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. डॉ. कुशिंग यांनी लिहिलेल्या त्यांच्या दोन खंडांच्या चरित्राला 1926 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

वैद्यकाच्या इतिहासावरील आपली सुमारे आठ हजार पुस्तके ऑस्लर यांनी मॅकगिलला देऊन ठेवली होती. ती मॉन्ट्रिअलला पोहोचली आणि 1929 साली तेथे त्यांचे ग्रंथालय उघडले. त्याच दालनात, पुस्तकांच्या मधोमध, त्यांच्या आणि ग्रेस यांच्या अस्थी ठेवलेल्या आहेत.