बुलढाण्याहून जर्मनीच्या वॉर्डात

खामगाव असो वा मेहकर, नर्सिंग शिकणाऱ्यांसाठी आखाताखेरीज आणखी एक वाट खुली झाली आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही येतात.

बारावीनंतर गेल्यास तिथे तीन वर्षांचे प्रशिक्षण, तेही दरमहा विद्यावेतनासह. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना आपल्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळवावी लागते. त्यासाठी साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन हवी.

खरी कसोटी भाषेचीच! रुग्णाचे दुखणे ऐकण्यापासून नोंदी लिहिण्यापर्यंत सारे जर्मनमध्ये.

एजंटाला पैसे देण्याआधी त्याची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि जीएसटीपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.