भोपळ्याची बिअर

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात जी इंग्रज कुटुंबे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसाहत करण्यास उतरली, त्यांच्या लेखी बिअर ही चैन नव्हती, नित्याच्या आहाराची बाब होती. परंतु ज्यावाचून ती होत नाही तो सातू नव्या भूमीत मनाजोगा पिकेना, आणि मोड आणून भाजलेला सातू, म्हणजे माल्ट, जहाजाने विलायतेहून मागवावा तर तो गरिबास परवडेना. मूलनिवासींच्या शेतांत मात्र मक्याच्या ताटांखाली भोपळ्याचे वेल मुबलक पसरलेले असत, आणि निकड व विपुलता यांच्या या योगातून भोपळ्याच्या बिअरीचा जन्म झाला.

रॉबर्ट बेव्हर्ली याने १७०५ साली प्रसिद्ध केलेल्या व्हर्जिनियाच्या इतिहासात याचा अस्सल दाखला आहे. सधन लोक विलायती माल्ट वापरीत आणि गोरगरीब लोक काकवी व कोंडा, मका, बटाटे, पर्सिमनची सुकवलेली फळे किंवा भोपळा यांवर गुजराण करीत, असे त्याने नमूद केले आहे. यावरून या पेयाची सामाजिक पायरी स्पष्ट होते.

कृतीचा सविस्तर तपशील फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीशी संबंधित १७७१ सालच्या टिपणात मिळतो. भोपळा दोणीत कुटावा, सफरचंदाप्रमाणे दाबून त्याचा रस काढावा, तो तांब्याच्या हंड्यात बराच वेळ उकळावा आणि गराचा एकही तंतू मागे राहू नये इतक्या दक्षतेने मळी काढीत राहावे. पुढे हॉप घालणे, निववणे, आंबवणे हे सारे नेहमीच्या बिअरीप्रमाणे. आपल्याकडील गुऱ्हाळ पाहिलेल्या वाचकास हे काम परके वाटणार नाही. या कृतीत माल्टचा कण नाही आणि मसाल्याची चिमूटही नाही. भोपळ्याच्या रसात साखर बेताचीच, आणि गरातील पिष्टाची साखर करावयाची तर माल्टमधील पाचक द्रव्यांचे साह्य हवे. तेव्हा हे पेय फार कडक होत नसावे, असे मला वाटते.

पुढे अमेरिकेत सातूची लागवड स्थिरावली, माल्ट स्वस्त झाले, आणि एकोणिसाव्या शतकात भोपळा हंड्यातून निघून ‘पाय’ या गोड पदार्थाच्या सारणात जाऊन बसला, तेथे दालचिनी, जायफळ, लवंग व सुंठ यांची संगत त्याला कायमची जडली.

पुनरुज्जीवन झाले ते कॅलिफोर्नियातील हेवर्ड या गावी. छायाचित्रकार म्हणून नावाजलेल्या बिल ओवेन्स यांनी १९८३ मध्ये तेथे ‘बफेलो बिल्स’ ही छोटी मद्यशाळा उघडली, आणि जॉर्ज वॉशिंग्टन बिअरीत भोपळा घालीत असे वाचनात आल्यावरून काही वर्षांनी त्यांनी स्वतः लावलेला एक प्रचंड भोपळा भाजून माल्टच्या घाण्यात मिसळला. (वॉशिंग्टनच्या १७५७ च्या सुमाराच्या वहीत जी कृती आहे, तीत कोंडा, हॉप आणि काकवी एवढेच जिन्नस आहेत.) बिअर उत्तम उतरली, पण तीत भोपळ्याची चव काही लागेना, कारण गराची साखर यीस्टने फस्त केल्यावर मागे उरणारा त्याचा गंध फारच सौम्य असतो. तेव्हा ओवेन्स यांनी बाजारातून पायचा मसाला आणून त्याचा अर्क पिंपात घातला, आणि त्या तजविजीने लोकांना हवी ती चव मिळाली. त्यानंतर डेलावेअरच्या डॉगफिश हेडपासून सिअ‍ॅटलच्या एलिसियनपर्यंत अनेकांनी हीच वाट धरली; एलिसियनने तर भोपळा पोखरून त्याचेच पिंप केले.

आजच्या बिअरीची कीर्ती भोपळ्याच्या नावावर असली तरी तिची चव बव्हंशी मसाल्याची आहे. ज्यांनी निरुपायाने, पण पूर्ण निष्ठेने, निव्वळ भोपळ्यापासून पेय सिद्ध केले त्या अज्ञात कुणब्यांचा हक्क मी अधिक मानतो. आणि एखाद्या कुशल मद्यकाराने मसाल्याचा डबा बाजूला ठेवून १७७१ ची कृती अक्षरशः पाळावी व ते पेय ग्राहकांपुढे ठेवावे, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे.