जुनी फोर-व्हील गाडी : पोटाखालून पाहावी, मागच्या आसनावरून पारखावी

बेळगावहून पश्चिमेस जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघाले की लाल माती, दाट रान आणि पावसाळ्यात फुगणारे ओढे यांचा प्रदेश सुरू होतो. उलट निपाणी-चिकोडीच्या अंगास काळ्या, चिकट मातीच्या पाणंदी लागतात. पहिल्या दोन पावसांनंतर तेथे बैलगाडीसुद्धा रुतते. एकाच जिल्ह्यात भूमीची ही दोन रूपे नांदत असल्याने जीपसदृश गाडीचे आकर्षण आपल्याकडे जुने आहे. आपल्या व्यवसायबंधूंपैकी कित्येकजण आरोग्य शिबिरांसाठी, पक्षिनिरीक्षणासाठी किंवा निव्वळ हौसेखातर जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन तिच्यात मनाजोगते फेरबदल करून घेतात. या हौसेला माझा विरोध नाही. मात्र फेरबदल हीदेखील एक औषधयोजनाच आहे. तिला मात्रा असते, दुष्परिणाम असतात, आणि ते दुष्परिणाम बहुधा मागच्या आसनावर बसलेल्यांना भोगावे लागतात.

अशा गाडीकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नयेत. खानापूर तालुक्यातील आमगावातून जुलै २०२४ मध्ये एका आजारी महिलेला ग्रामस्थांनी तात्पुरत्या स्ट्रेचरवरून काही किलोमीटर पायी वाहून आणले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. जेथे पूलच नाही, तेथे चारही चाकांना मिळणारी ताकद फारशी कामाची नसते.

या ताकदीचे स्वरूप आधी थोडक्यात पाहू. आपल्याकडील बहुतेक जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागे ‘ट्रान्सफर केस’ असते. एरवी फक्त मागची चाके ओढतात. दांडी ओढली की पुढच्या आसालाही शक्ती मिळते. ‘फोर-लो’मध्ये चाकांवरील जोर सुमारे दुप्पट ते अडीचपट वाढतो आणि वेग त्याच प्रमाणात घटतो. खडकाळ उतारावर याचाच खरा उपयोग होतो, कारण ब्रेकला न शिवता गाडी मुंगीच्या पावलांनी उतरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ही दांडी ओढू नये. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, आणि मधल्या दांडे-दात्यांवर पीळ बसतो.

बाजारात मुख्यतः चार-पाच नावे दिसतात. मारुती जिप्सी (१९८५ पासून) हलकी, साधी व पेट्रोलवर चालणारी आहे. पहिली थार (२०१०) डिझेलची आणि अंगात भरपूर जोर असलेली. याशिवाय स्कॉर्पिओ, सफारी आणि बोलेरो यांच्या फोर-व्हील आवृत्त्या मिळतात. बेळगावात लष्कराची मोठी वस्ती असल्याने लष्कराने निकाली काढलेली जिप्सीही अधूनमधून विक्रीस येते. तिची नागरी नोंदणी पूर्ण झाली आहे का, हे इंजिन पाहण्यापूर्वी पाहावे.

आता तपासणी. रंग, काचा, गाण्यांचा संच या गोष्टी विक्रेत्याच्या बाजूने बोलतात, म्हणून गाडी आधी पोटाखालून पाहावी. रॅम्पवर चढवून चेसिसच्या दोन्ही पट्ट्या हातोडीने हलक्या हाताने ठोकाव्यात, जसे आपण छाती ठोकून पाहतो तसे. सशक्त लोखंड खणखणते, आतून कुजलेले बद्द वाजते. गोवा आणि कोकणपट्टीतून आलेल्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे पाट्यांचे हँगर, बॉडीचे माउंट आणि पुढच्या जमिनीचा पत्रा आतून खाल्लेला सापडतो. वरून जाड काळा रंग मारलेला असतो. चेसिसवर नवे वेल्डिंग दिसले की त्याचे कारण विचारावे, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास व्यवहार सोडावा.

दुसरी भीती पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीपासून आपल्या सीमाभागापर्यंत असंख्य वाहने पाण्याखाली गेली आणि त्यांतील काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आली. अशी गाडी ओळखण्याची एक साधी खूण आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. नेहमी गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेषा किंवा पिवळट डाग असेल तर पाणी तेथवर पोहोचले होते. गालिच्याखालचा पत्रा, डॅशबोर्डमागील तारांच्या जोडण्या आणि सीटच्या पायांचे बोल्ट हेही पाहावे. डिफरन्शियलचे थोडे तेल काढून घ्यावे. ते दुधाळ कॉफीसारखे दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे. यानंतर फोर-हाय व फोर-लो या दोन्ही अवस्थांत गाडी मातीवर प्रत्यक्ष चालवून पाहावी. कित्येक मालकांनी ती दांडी वर्षानुवर्षे हलविलेलीच नसते.

कागदपत्रांचा विषय रूक्ष असला तरी सीमाभागात तो टाळता येत नाही. कोल्हापूरच्या बाजारातील एमएच-०९ ची गाडी निपाणीत आणून केए-२३ करावयाची, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८), हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३०, आणि कर्ज असल्यास बँकेचा फॉर्म ३५ लागतो. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवल्यास कायद्याने नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि कर्नाटकाचा आजीवन कर निराळा भरावा लागतो. ही रक्कम सौद्याआधीच कार्यालयात जाऊन काढून घ्यावी. पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले.

फेरबदलांत माझ्या मते पहिला मान टायरांचा, आणि बहुतेकांनी तेथेच थांबावे. टायरच्या कडेवरील चार आकडे वाचायला शिकावे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते. मोठे टायर घालण्याचा मोह होतो, त्याचे गणित असे. जुन्या थारचे २३५/७० आर-१६ टायर सुमारे ७३५ मिलिमीटर व्यासाचे, तर २४५/७५ आर-१६ सुमारे ७७४ मिलिमीटरचे. जमिनीपासूनची उंची वाढते ती फक्त १९ मिलिमीटर. त्याच्या बदल्यात वेगमापक ८० दाखवीत असताना गाडी ८४ च्या वेगाने धावते, ब्रेकवर ताण येतो आणि चढावर ओढ कमी होते.

दुसरा मोह गाडी उचलण्याचा. पाटे किंवा स्प्रिंग बदलून बॉडी दोन इंच वर नेली, तरी मागच्या सलग आसाचा डिफरन्शियलचा गोळा होता तेथेच राहतो. दगडाला तोच आधी लागतो. गुरुत्वमध्य मात्र चढतो. दोन चाकांमधील अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा स्थैर्याचा साधा निर्देशांक आहे. अंतर १,४०० व उंची ७०० मिलिमीटर धरल्यास तो १ येतो. उंची ७४० झाली की ०.९५. टपावर लोखंडी कॅरिअर आणि त्यावर जादा टायर चढविला की तो आणखी घसरतो. चोर्ला घाटातील ओल्या वळणावर हा फरक कागदावरचा राहत नाही.

कायदाही येथे स्पष्ट आहे. आर.सी.वर नमूद असलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे आदेश काढले. उद्यमबागेत उत्तम कारागीर आहेत. सांगाल तसा गार्ड ते दोन दिवसांत बनवून देतील. पण धडकेची शक्ती शोषण्यासाठी बनविलेला पुढचा भाग या गार्डमुळे आपले काम करीत नाही, आणि धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या वाट्याला ते कडक लोखंड येते.

आता मागचे आसन. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझा आग्रह येथे सर्वाधिक आहे. जुन्या जिप्सीत आणि पहिल्या थारमध्ये मागे समोरासमोरची आडवी बाके असतात. समोरून धडक बसली की अशा बाकावरील मूल कुशीच्या दिशेने फेकले जाते, आणि पाठीचा वा डोक्याचा कोणताच आधार त्याला थोपवीत नाही. २०२० च्या नव्या थारच्या प्राथमिक आवृत्त्यांतही अशी बाके होती. कंपनीने ती थोड्याच काळात बंद केली. ज्या आवृत्तीस ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत बालसुरक्षेचे चार तारे मिळाले, तिची मागची आसने पुढे तोंड करून होती.

मुलाचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे. डोके प्रमाणाने जड, मानेचे बंध सैल आणि कटिभागाची हाडे अपुरी वाढलेली असतात. त्यामुळे नुसता कमरेचा पट्टा सरकून पोटावर येतो आणि धडकेत आतडे व कण्याचे मणके दुखावतात. म्हणून कुटुंबासाठी गाडी घेताना मागे तीन टोकांचे पट्टे आणि पुढे तोंड केलेली आसने कारखान्यातूनच असलेली घ्यावी. दोन वर्षांपर्यंतच्या बाळास मागे तोंड केलेली बालआसने, आणि त्यानंतरही सुमारे १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत वयानुसार बालआसन किंवा बूस्टर वापरावे. चौदा वर्षांखालील मुलास पट्टा वा बालआसन सक्तीचे करणारी तरतूदही २०१९ च्या दुरुस्तीत आहे. टपाच्या आत रोल केज बसविला असेल तर त्याच्या नळ्यांवर जाड फोम हवा. हेल्मेट न घातलेल्या डोक्यासाठी उघडी नळी घातकच. जॅक, कुदळ, पाण्याचे कॅन हे सारे पट्ट्याने आवळलेले असावे.

प्रत्यक्ष प्रवासाविषयी थोडेसे. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीविना गाडी घालू नये. वाहत्या ओढ्याची खोली व तळ आधी पायी पाहावा, आणि पायी ओलांडता येत नसेल तर गाडीनेही ओलांडू नये. इंजिनात पाणी ओढले गेले की ते दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्कल बसविल्याने हवेचा मार्ग उंच होतो. प्रवाहात चाके तरंगू लागली तर त्याचा उपयोग नाही. रुतलेली गाडी ओढताना दोर टोइंगच्या गोळ्याला कधीही बांधू नये. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. दोर चेसिसला जोडलेल्या हुकालाच लावावा आणि बघ्यांना दोराच्या लांबीपलीकडे उभे करावे. चिखलात टायरमधील हवा ३० वरून १८ ते २० पौंडांवर आणली की पकड लक्षणीय वाढते. डांबरावर परतताच ती पुन्हा भरावयाची असते, म्हणून सिगारेट-सॉकेटवर किंवा थेट बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवावा. कणकुंबीच्या पुढे हवा भरणारा दुकानदार रात्री सापडेलच असे नाही.