अतितप्त वायूतील इलेक्ट्रॉनांचा वेग

दीर्घिकांच्या समूहातील रिकामी वाटणारी जागा विरळ पण अतितप्त वायूने व्यापलेली असते. ‘कोमा’ समूहात त्याचे तापमान सुमारे 10 कोटी केल्विन आहे. एवढ्या उष्णतेत अणूंतील इलेक्ट्रॉन आणि केंद्रके सुटी होतात, आणि या अवस्थेला आयनद्रायू म्हणतात. 2015 मध्ये ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाबरोबर गेलेली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली दुर्बीण अशा वायूचे क्ष-किरण टिपते, आणि त्यांच्या वर्णपटावरून तापमान ठरते. इलेक्ट्रॉनांचा वेग मात्र गणितानेच काढावा लागतो.

त्यासाठी तापमान आधी ऊर्जेत मांडतात. 1 कोटी 16 लाख केल्विन म्हणजे 1 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून 10 कोटींचे 8.6 होतात आणि कणाची सरासरी गतिज ऊर्जा त्याच्या दीडपट, म्हणजे सुमारे 13 भरते. इलेक्ट्रॉनच्या स्थिर वस्तुमानात 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा साठलेली असते, आणि कोणते सूत्र वापरायचे हा सारा निर्णय या दोन आकड्यांच्या तुलनेवर अवलंबून असतो. येथे प्रमाण अडीच टक्केच असल्याने न्यूटनच्या सूत्राने प्रकाशवेगाच्या 22.5 टक्के आणि सापेक्षता सिद्धांताने 22.1 टक्के वेग येतो.

महास्फोटानंतर साधारण एका सेकंदाने विश्वाचे तापमान 1000 कोटी केल्विन होते. तेथे न्यूटनचे सूत्र प्रकाशाच्या सव्वादोनपट वेग सांगते, जो अशक्य आहे. ‘दीडपट’ हा नियमही तेथे टिकत नाही, कारण वेग प्रकाशाजवळ पोचू लागला की हे प्रमाण तिपटीकडे सरकते. फेरेंत्स यूटनर यांनी 1911 मध्ये मांडलेल्या वितरणानुसार इलेक्ट्रॉनची सरासरी एकूण ऊर्जा स्थिर ऊर्जेच्या सुमारे 5.3 पट निघते, आणि तिच्याशी जुळणारा वेग प्रकाशाच्या 98 टक्के असतो.

एक सावधगिरी येथे अत्यंत महत्त्वाची आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. काही दीर्घिकासमूहांतून तिला मिळणाऱ्या रेडिओलहरी ज्या इलेक्ट्रॉनांपासून निघतात, तेही जवळजवळ प्रकाशवेगाने धावतात, पण तो वेग उष्णतेचा नसतो. आघाततरंगांनी आणि खळबळीने ते प्रवेगित झालेले असतात व चुंबकीय क्षेत्राभोवती मळसूत्रासारखे फिरतात. त्यांच्यासाठी तापमानाचे सूत्र वापरणे चूकच ठरेल.

त्याच 1000 कोटी केल्विनला इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड असलेला प्रोटॉन प्रकाशवेगाच्या केवळ 5 टक्के वेगाने धावतो, आणि त्याच्यासाठी न्यूटनचे सूत्र पुरेसे आहे.