टाकीतले शैवाल उपाशी का मरते?

समुद्री मत्स्यालयात माशांना घातलेले अन्न टाकी सोडून कुठेच जात नाही. मासा खातो त्यातला थोडाच भाग त्याच्या अंगी लागतो. बाकीचा विष्ठेच्या आणि अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो, जिवाणू त्या अमोनियाचे नायट्रेट करतात आणि फॉस्फेट गुपचूप साठत राहते. प्रवाळखडकांभोवतीच्या समुद्रात ही दोन्ही द्रव्ये इतकी विरळ असतात की घरगुती टेस्ट किटला ती जेमतेम दिसतात. काचेच्या टाकीत मात्र काही महिन्यांत ती कितीतरी पट वाढतात आणि खडकांवर, काचेवर, शेवटी प्रवाळांवर केसाळ शेवाळ चढू लागते. यावरचा एक जुना आणि सुटसुटीत उपाय म्हणजे रेफ्युजियम. मुख्य टाकीखालच्या कपाटात जी दुसरी टाकी असते, तिला हौशी मंडळी सम्प म्हणतात. त्या सम्पमधला एक कप्पा दिव्याखाली ठेवायचा आणि आपल्याला हवे ते मोठे शैवाल तिथे वाढवायचे. मासे तिथवर पोचत नसल्याने कोपेपॉड, अँफिपॉड असे बारीक जीव त्या गुंत्यात निर्धास्त वाढतात आणि पंपाच्या पाण्याबरोबर वर जाऊन माशांच्या तोंडी पडतात. पण खरे काम शैवालाचे. ते नत्र आणि स्फुरद अंगात घेते, आणि वाढलेले शैवाल उपटून फेकले की ती द्रव्ये टाकीबाहेर जातात.

या कल्पनेला शास्त्रीय बैठक दिली ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी. खडकांवरच्या आखूड, दाट शैवालाचा थर पाणी कसे स्वच्छ करतो, हे त्यांनी आधी प्रवाळखडकांवर अभ्यासले आणि मग ते मत्स्यालयात आणले. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे उघडलेल्या ग्रेट बॅरियर रीफ अ‍ॅक्वेरियमच्या अवाढव्य टाकीतही हीच पद्धत वापरली गेली. एडी आणि कॅरन लव्हलँड यांचे ‘डायनॅमिक अ‍ॅक्वेरिया’ हे पुस्तक १९९१ मध्ये आले. आज घरगुती रेफ्युजियममध्ये त्या आखूड थराऐवजी बहुधा कीटोमॉर्फा दिसते. हिरव्या राठ धाग्यांचा हा गुंता मुळे न धरता पाण्यात गोल फिरत वाढतो. तो वाढेनासा झाला, फिका पडला की जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट करतो : आधीपेक्षा प्रखर दिवा आणतो. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा हे निदान चुकते. शैवाल अंधारामुळे मरण्यापेक्षा उपासमारीने मरण्याची शक्यता जास्त असते, आणि उपाशी शैवालावर प्रकाश वाढवला तर ते आणखी लवकर मरते.

पुरावा शैवालाच्या शरीरातच आहे. समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांत कार्बन, नत्र आणि स्फुरद यांच्या अणूंचे प्रमाण सरासरी १०६ : १६ : १ असते. हे रेडफिल्ड गुणोत्तर बहुतेक मत्स्यप्रेमींना तोंडपाठ असते. पण ते प्लवकांचे आहे. तळाशी किंवा खडकांवर वाढणाऱ्या मोठ्या समुद्री वनस्पतींचे नमुने अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी ठिकठिकाणांहून तपासले, तेव्हा त्यांना मध्यम प्रमाण ५५० : ३० : १ आढळले (१९८३). म्हणजे स्फुरदाच्या एका अणूमागे मोठ्या शैवालाला प्लवकांच्या जवळजवळ दुप्पट नत्र आणि पाचपट कार्बन लागतो. हे आकडे टाकीवर लावून पाहू. टाकी ३०० लिटरची आहे आणि १०० ग्रॅम ओले शैवाल, हाताने नीट पिळून, बाहेर काढले असे समजा. त्यात नव्वद टक्के पाणी आणि कोरड्या वजनाच्या तीस टक्के कार्बन धरला, तर त्या एका मुठीबरोबर सुमारे ०.८४ ग्रॅम नायट्रेट आणि ०.०४३ ग्रॅम फॉस्फेट बाहेर जाते. टाकीच्या हिशेबाने ही घट लिटरमागे नायट्रेटची २.८ मिलिग्रॅम आणि फॉस्फेटची ०.१४ मिलिग्रॅम होते. गृहीतके थोडी बदलली की आकडे हलतील, पण एकास वीस हे नाते फारसे हलणार नाही. शैवालाच्या ताटात दोन्ही पदार्थ लागतात, आणि एक संपला की दुसरा कितीही असला तरी उपयोग नाही. लीबिगने एकोणिसाव्या शतकात पिकांबद्दल रूढ केलेला किमान घटकाचा नियम तो हाच.

आता प्रत्यक्षात काय केले जाते ते पाहा. फॉस्फेटची धास्ती घेतलेला माणूस एकीकडे रेफ्युजियम चालवतो आणि दुसरीकडे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे भरलेले नळकांडे लावतो. हे दाणे फॉस्फेट धरून ठेवण्यात पटाईत असतात. किट शून्य दाखवते, मालक खूश होतो, आणि पंधरा दिवसांनी कीटोमॉर्फा पांढुरकी पडते. नायट्रेट मात्र होते तिथेच असते, कारण ते उचलणाऱ्यालाच स्फुरद मिळत नाही. याच्या अगदी उलटही घडते. माशांच्या खाद्यात नत्राच्या मानाने स्फुरद शैवालाच्या गरजेपेक्षा जास्त असते. त्यामुळे नुसत्या शैवालाच्या भरवशावर चाललेल्या टाकीत आधी नायट्रेट संपते आणि फॉस्फेट मागे राहते. अशा टाकीत फॉस्फेट कमी करण्याचा खरा उपाय म्हणजे मोजूनमापून थोडे नायट्रेट घालणे. ऐकायला हे उफराटे वाटते, पण हिशेब तसाच आहे. यात एक फसगतही असते. शैवाल चांगल्या दिवसांत दोन्ही द्रव्ये गरजेपेक्षा जास्त साठवून ठेवते. म्हणून किटने शून्य दाखवल्यावरही काही काळ ते हिरवेगार राहते, आणि पुढे फिके पडते तेव्हा कारण कुणाच्या लक्षात राहिलेले नसते.

लोहाची गोष्ट महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला समजावून सांगावी लागणार नाही. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, पाने पिवळी पांढरी होतात, आणि जमिनीत लोह भरपूर असूनही ते पिकाला मिळत नाही, कारण सामू जास्त असल्याने ते न विरघळणाऱ्या रूपात अडकलेले असते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास असतो आणि त्यात प्राणवायू विपुल असतो. तिथेही तेच होते : विरघळलेले लोह गंजासारखे साका धरून खाली बसते. मग टाकीतल्या फॉस्फेट धरणाऱ्या दाण्यांत किलोभर लोह असले तरी शैवालाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. त्यात नायट्रेटवर जगणाऱ्या शैवालाला लोहाची गरज जास्त असते. नायट्रेट जसेच्या तसे वापरता येत नाही, आधी त्याचे नायट्राइट आणि मग अमोनियम करावे लागते, आणि या दोन्ही पायऱ्यांवरच्या एन्झाइममध्ये लोह असते. शेतकरी जसे चिलेटेड लोह फवारतो, तसेच ते इथे थेंबाथेंबाने द्यावे लागते. मात्र हात आखडता ठेवूनच, कारण काचेवरचे नको असलेले शेवाळही त्याचे तितकेच भुकेले असते.

कार्बनचा विचार तर कुणाच्या मनातच येत नाही, खरे म्हणजे ५५० हा आकडा सगळ्यांत मोठा आहे. समुद्राच्या पाण्यात अकार्बनी कार्बन भरपूर असतो, पण त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो. मोकळा कार्बन डायऑक्साइड एक टक्काही नसतो. शैवाल बायकार्बोनेट वापरू शकते, पण त्यासाठी त्याला ऊर्जा खर्चावी लागते. दाट गुंत्याच्या आत, जिथे पाणी हलत नाही, तिथे दिवा लागल्यावर कार्बन पटापट संपतो आणि सामू भराभर चढतो. आतले धागे प्रकाशात असूनही उपाशी राहतात, आणि गुंता आणखी वाढला की त्यांना प्रकाशही मिळत नाही. म्हणून पाण्याचा जोर एवढा हवा की गोळा सतत गडगडत राहील, आणि काढणीही नियमित हवी. पिकाची विरळणी लांबवली की काय होते, ते इथे आठवड्याभरात दिसते. रेफ्युजियमचा दिवा रात्री लावण्याची प्रथाही इथेच अर्थपूर्ण ठरते. वरच्या टाकीत रात्री श्वसनाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सामू घसरतो. त्याच वेळी खालच्या शैवालाला तो कार्बन हवा असतो.

निदानासाठी साधे भिंग पुरते. कीटोमॉर्फाचा धागा एकाच पेशीच्या जाडीचा असतो, आणि राठ जातींत एकेक पेशी नुसत्या डोळ्यांनाही मण्यासारखी दिसते. निरोगी धाग्यात मण्यामागून मणी सारखाच गडद हिरवा असतो आणि धागा बोटांत ताठ लागतो. उपाशी धाग्यात आधी सगळेच मणी एकसारखे फिकट होतात. मग मधले मधले काचेसारखे रिकामे पडतात, आत फक्त भिंत उरते, आणि धागा लुळा होतो. याउलट प्रकाश कमी पडत असेल तर बाहेरचा थर हिरवा राहतो आणि गोळ्याचा गाभा तपकिरी होऊन कुजतो. बाहेरून आतपर्यंत एकसारखा फिकटपणा असेल, तर दिव्याला हात लावू नये. असे शैवाल प्रकाश शोषते, पण त्यातून मिळालेल्या ऊर्जेचे प्रथिन बांधायला त्याच्याकडे नत्र, स्फुरद, लोह नसते. ती ऊर्जा मग त्याच्याच रंगद्रव्यांना जाळते.

यावर सरळ आक्षेप येतो : ज्या टाकीतून घाण काढायची, तिच्यात नायट्रेट आणि लोह ओतायचे, हा कुठला शहाणपणा? प्रवाळ तर विरळ पाण्यातच वाढतात. याचे उत्तर प्रवाळांच्याच अभ्यासातून मिळते. साउदॅम्पटन विद्यापीठातील यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास दाखवून दिले की पाण्यात नायट्रेट वाढून फॉस्फेटचा तुटवडा पडला, तर प्रवाळाच्या आतले सहजीवी शैवाल फॉस्फेटअभावी दुबळे होते आणि उष्णता व प्रखर प्रकाशाखाली प्रवाळ लवकर पांढरा पडतो. घातक होता तो दोन द्रव्यांमधला बिघडलेला तोल. म्हणजे फॉस्फेट शून्यावर आणणारा माणूस खालचे शैवाल आणि वरचे प्रवाळ एकाच फटक्यात उपाशी ठेवतो. पाणी बदलून भागते, असे म्हणणाऱ्यांनीही हिशेब करावा. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट असलेल्या टाकीतले दहा टक्के पाणी बदलले, तर घट होते ०.०१ मिलिग्रॅमची, आणि पिळलेल्या शैवालाची एक मूठ त्याच्या चौदा पट काम करते. समुद्री मिठाचा खर्च वेगळाच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो पुरता खोडून काढता येत नाही. जेनिफर स्मिथ, फॉरेस्ट रोवर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रवाळ आणि शैवाल शेजारी शेजारी ठेवून त्यांनी मध्ये इतका बारीक पडदा लावला की जिवाणूही पलीकडे जाऊ नयेत. तरी प्रवाळ मेले. पाण्यात प्रतिजैविक घातले तेव्हा मात्र जगले. शैवालातून झिरपणारी विद्राव्य सेंद्रिय द्रव्ये प्रवाळावरच्या जिवाणूंना पोसतात आणि ते जिवाणू प्रवाळाचा प्राणवायू खातात, असा त्याचा अर्थ लावला गेला. मग रेफ्युजियम म्हणजे घरात विषवृक्ष लावणे झाले का? प्रयोग छोट्या बंदिस्त भांड्यात झाला होता. टाकीत स्किमर, म्हणजे फेसाबरोबर सेंद्रिय घाण बाहेर काढणारे यंत्र, असतो, पाणी खेळते असते, आणि सक्रिय कोळसा ही द्रव्ये बऱ्यापैकी उचलतो. पाण्याला येणारी पिवळट झाकही त्यानेच जाते. म्हणून कोळशाशिवाय रेफ्युजियम चालवू नये, एवढे मी मान्य करतो. पण या प्रयोगातून माझ्या मुद्द्याला बळच मिळते. प्रकाश भरपूर आणि पोषण अपुरे असले, की प्रकाशसंश्लेषणातून जमलेला कार्बन शैवालाला शरीरात बांधता येत नाही आणि त्याचा मोठा वाटा बाहेर सांडतो. प्रवाळांना ज्या गळतीची भीती, ती दिवा वाढवून उपाशी ठेवलेल्या शैवालात अधिक असते.

कुठले शैवाल ठेवायचे, हा प्रश्नही यातूनच सुटतो. कॉलर्पा दिसायला देखणी, वाढायला जोमदार, पण तिचे पूर्ण शरीर म्हणजे अनेक केंद्रके असलेली एकच अखंड पेशी. काढणीच्या वेळी ती तुटली की आतला रस पाण्यात सांडतो. शिवाय ती एखाद्या पहाटे सगळा जीवद्रव सोडून मोकळी होते. केनेथ क्लिफ्टन यांनी पनामाच्या प्रवाळखडकांवर अशा हिरव्या शैवालांची सामूहिक बीजमुक्ती पाहून १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये नोंदवली. सगळा जीवद्रव एका पहाटे बाहेर पडतो आणि मागे पांढरी साल उरते. घरगुती टाकीत याचा अर्थ असा की महिनोन्‌महिने साठवलेले नत्र आणि स्फुरद काही तासांत परत पाण्यात येते.

कॉलर्पाचा इतिहास त्याहून भारी आहे. १९८४ मध्ये मोनॅको येथील समुद्रशास्त्रीय संग्रहालयाच्या खाली, भूमध्य समुद्रात, कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा सुमारे एक चौरस मीटरचा तुकडा आढळला. मत्स्यालयात जोपासलेला हा वाण थंड पाण्यातही तगणारा निघाला आणि पुढच्या वर्षांत हजारो हेक्टरवर पसरला. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ आलेक्सांद्र मेनेझ यांनी त्याविरुद्ध केलेली ओरड सुरुवातीला कुणी मनावर घेतली नाही. २००० मध्ये तेच शैवाल कॅलिफोर्नियातील कार्ल्सबादच्या खाजणात सापडले. तिथे मात्र ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडले गेले, सत्तर लाखांहून अधिक डॉलर खर्चले गेले आणि २००६ मध्ये उच्चाटन जाहीर झाले. आपल्याकडे कॉलर्पाच्या काही जाती मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर मूळच्याच आहेत, त्यामुळे इथला धोका तसाच नाही. पण मन्नारच्या आखातात शेतीसाठी आणलेले काप्पाफायकस हे परदेशी शैवाल कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर चढल्याचे २००८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले होते, हे विसरू नये. रेफ्युजियममधून काढलेली मूठ म्हणून खाडीत, नाल्यात किंवा संडासात टाकू नये. तिच्यातला प्रत्येक हिरवा तुकडा जगू शकतो. ती गोड्या पाण्यात बुडवून मग उन्हात कडकडीत वाळवावी. वाळवण्याआधी एकदा पिळून वजन केले आणि वहीत लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी वजन घटल्याबरोबर कळते की पाण्यात काहीतरी कमी पडले आहे, आणि तेही शैवाल पांढरे पडण्याच्या कितीतरी आधी.