काचेतून दिसणारा वेग खरा नसतो

माहुलीच्या संगमावर पाण्यात पडलेलं नाणं वर दिसतं, असतं खोल. अशीच फसगत माझ्या मोजमापातही होते.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे तशा गॅस गनने धातूवर तडाखा दिला, की मागच्या मोकळ्या पृष्ठभागावर दाब सुटून जातो. तो टिकावा म्हणून तिथे लिथियम फ्लोराइडची पारदर्शक खिडकी चिकटवतात. तिच्यातून 1550 नॅनोमीटरचा लेझर सोडायचा आणि परतलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या वारंवारतेवरून वेग काढायचा.

पण खिडकीही दबते ना! तिचा अपवर्तनांक बदलतो आणि वेग सुमारे 27 टक्के जास्त दिसतो. गंमत म्हणजे, अपवर्तनांकातला 1 च्या वरचा भाग घनतेच्याच प्रमाणात वाढला असता, तर चूक आपोआप मिटली असती. इथे तो कमी वाढतो.

पहिल्या आलेखात मी ही दुरुस्ती विसरले, दाबही फुगला. सरांनी एवढंच विचारलं, "खिडकी धरलीस का?"