मानेवरचा भार

जव्हारच्या घाटात एस. टी.ची गाडी वळते, तेव्हा उतारू बाहेरच्या अंगास कलतात. गाडी वळली, तरी देह सरळच जाऊ पाहतो! शर्यतीच्या मोटारीत हा ओढा फारच प्रबळ असतो. चालकाचे धड पट्ट्यांनी जखडलेले असते. मोकळे राहते ते डोके. डोके व शिरस्त्राण मिळून वजन सुमारे ६ किलो. वेगवान वळणावर ओढा या वजनाच्या जवळजवळ चौपट होतो. म्हणजे २४ किलोंचा भार एकट्या मानेने तोलावयाचा, आणि तोही प्रत्येक फेरीत! मान थकून डोके कलले, तर पुढचा मार्ग नीट दिसत नाही.

मुंबईचा जेहान दारूवाला डिसेंबर २०२० मध्ये बहरीन येथे फॉर्म्युला टू श्रेणीतील शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. या श्रेणीच्या मोटारीत सुकाणूचे चाक फिरविण्यास यंत्राचे साहाय्य नसते. सारे बळ दंडांचे. वरकरणी मात्र हे बसून करावयाचे काम!

म्हणून असे चालक डोक्याला रबरी पट्टा अडकवून, त्याच्या ताणाविरुद्ध मान स्थिर धरण्याचा सराव करतात. दम वाढावा म्हणून धावतात, सायकल चालवितात. उष्ण हवेत, अग्निरोधक पोशाखात शर्यत संपते, तेव्हा घामावाटे त्यांचे वजन एक-दोन किलोंनी घटलेले असते.